न कापलेली काजं

४ सप्टेंबर

मी धडधाकट आहे. सरकारनेच तसं लेखी कळवलंय, शिक्क्यासकट. अपंगत्व भत्ता मिळायला दहा गुण लागतात. मला मिळाले शून्य. शाळेत गणितातसुद्धा इतके कमी कधी पडले नव्हते.

पाकीट हिने उघडलं. पाकिटं मी उघडत नाही, आतलं पत्रही फाटतं. सहा पानं होती. तिसऱ्या पानावर तपासणी डॉक्टरचा अहवाल: "अर्जदार नीटनेटके. अंगातील कोटाची सातही बटणे व्यवस्थित लावलेली होती. त्यावरून बोटांच्या बारीक हालचाली शाबूत असल्याचे दिसते."

हे वाक्य मी हिला दोनदा वाचायला लावलं. तीस वर्षं लोकांचे कोट शिवले, पण अशी पावती कोणी दिली नव्हती. शिकलासवरलेला माणूस, हातभर अंतरावर बसलेला, वर खिडकीतून भरपूर उजेड, आणि त्याला कळलं नाही. त्या कोटाला एकही काज नाही. काजाचे टाके आहेत, रेशमी दोऱ्याचे, एकसारखे. मधलं कापड मात्र कापलेलंच नाही. बटणं वरून शिवलेली, निव्वळ शोभेची. खाली वेल्क्रोची पट्टी. तळहाताने दाबलं की कोट बंद. बुटांच्या नाड्याही तशाच, आतून इलॅस्टिक. माझ्या हातचं ते शेवटचं काम. त्यानंतर बोटं अशी काही वाकडी झाली की कात्रीच्या कडीत जाईनात.

"हसताय काय?" ही म्हणाली.

"डॉक्टर पार फसला."

"फसला खरा," ती म्हणाली आणि सहाची सहा पानं परत पाकिटात घालून आत गेली. हिला चांगल्या कामाचं कौतुक कधीच नव्हतं.

७ सप्टेंबर

वाचनालयाच्या मागच्या टेबलावर एक बाई बसतात आणि अशा पत्रांवर फुकट सल्ला देतात. आधी भूगोल शिकवायच्या. अजूनही समोरच्याला नकाशासमोर उभा केल्यासारखं बघतात. पत्र वाचून म्हणाल्या, "अपील करायचं. तिघं बसतात. एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि एक स्वतः अपंग असलेला सदस्य. कागद वाचतात आणि मग तुम्हाला विचारतात."

"काय विचारतात?"

"सगळं. तुम्ही फक्त खरं सांगायचं."

म्हणजे मला खोटारडा समजल्या की काय, कोण जाणे. त्यांनी तारखा छापलेली एक वही दिली. रोज काय जमलं नाही ते तिच्यात लिहायचं, आणि सुनावणीच्या आधी ती न्यायाधीशांकडे द्यायची. मला ही कल्पनाच ओंगळ वाटते. माझा सगळा जन्म लोकांचं उणं झाकण्यात गेला. एक खांदा उतरता असेल तर तिकडे पॅड जास्त, पोट सुटलं असेल तर बटण अर्धं बोट खाली. गिऱ्हाइकाच्या कोटात किती भरण आहे हे मी त्याच्या बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि आता मीच रोज उणं मोजून द्यायचं?

तरी कोर्टाच्या वहीत आज लिहिलं: "ठीक."

बाकीचं इथे लिहीन. ही माझी जुनी मापांची वही. डाव्या पानावर गिऱ्हाइकांच्या छात्या आणि कंबरा, उजवं पान रिकामं. पेन मोठ्या रिळातून आरपार घातलंय. रीळ मुठीत धरलं की अक्षर उमटतं. अक्षराबद्दल कोणी बोलू नये.

१२ सप्टेंबर

मधे चार दिवस विशेष काही घडलं नाही.

हिचा दिनक्रम मात्र घड्याळाला लाजवणारा आहे. पाचला उठते. गरम पाण्याचं घमेलं आणते, त्यात माझे हात अर्धा तास भिजतात आणि बोटं हळूहळू माणसात येतात. मग दाढी, मोजे, औषधाच्या बाटलीचं झाकण. साडेआठला ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामावर. आज सहज बोलता बोलता म्हणाली की तिथल्या मुख्य बाई निवृत्त होताहेत आणि ती जागा हिला देऊ केली होती. पाळी सकाळी सहाची.

"मग?"

"नाही म्हटलं. पहाटे उठायचा कंटाळा येतो."

अठ्ठावीस वर्षं संसार केला आणि बायको आळशी आहे हे आज कळलं. मनुष्यस्वभाव.

कोर्टाची वही: "ठीक."

१९ सप्टेंबर

मेहुणा आला. बरोबर काठी घेऊन आला. स्वतःसाठी नव्हे, माझ्यासाठी.

"भाऊजी, हे सगळं दिसण्यावर असतं. दाढी वाढवा. तो जुना शर्ट घाला. बसताना जरा कण्हा."

"मला बोटांचा आजार आहे. काठी पायांना लागते."

"तरी असू द्या हातात. वजन पडतं."

"काठी मुठीत घट्ट धरता आली असती तर अपील कशाला केलं असतं?"

यावर त्याने विचार केला. विचार करताना तो तोंड उघडं ठेवतो. मग म्हणाला, "गळ्यात अडकवा." ही आत भांडी घासत होती, भांड्यांचा आवाज थांबला आणि बराच वेळ ती खोकत होती. मला वाटतं हसत होती.

त्याचं म्हणणं असं की न्यायाधीशाला दया आली की निकाल लागतो. माझं म्हणणं असं की दया यायची असेल तर हा मेहुणा दाखवावा.

२६ सप्टेंबर

सल्लागारबाई म्हणाल्या, सुनावण्या खुल्या असतात, एक बघून या. गेलो.

इमारत चांगली आहे. दार जड, लाकडी, आणि त्याला पितळेची गोल गुळगुळीत मूठ. दाराशेजारी नोटीस बोर्ड आहे. तो मी सगळा वाचला. आग लागली तर कुठून पळायचं, उंदीर मारण्याचं कंत्राट कोणाला, मागच्या महिन्याची सुट्टी. दुसऱ्यांदा वाचत असताना कोणीतरी आतून बाहेर आलं, त्याच्या बाजूने मी आत शिरलो. वाचनाची आवड असली की वेळ बरा जातो.

अपील एका पोस्टमनचं होतं. पाठ गेलेली. मला वाटलं, पाठीबद्दल विचारतील. न्यायाधीशबाई, चष्मा दोरीने गळ्यात, बारीक आवाज, विचारतात काय, तर घरी जिने किती. कठडा कुठल्या हाताला. वर गेल्यावर आधी काय करता. बसता, तर किती वेळ. त्याच दिवशी पुन्हा खाली उतरता का. पिशवी कोण वर आणतं. भाजी कुठल्या दुकानातून. ही बाई आजार सोडून नुसत्या घरच्या चौकशा करत होती. डॉक्टर सदस्य म्हातारे, डोळे मिटलेले, पण पोस्टमन खुर्चीत सरकला की ते बरोबर उघडायचे. तिसऱ्या सदस्याला डावा हात नाही. रिकामी बाही वर दुमडून पिनने टाचलेली. ती पिन बघून माझा जीव वरखाली झाला. बाही आतून वळवून मुंढ्यापाशी दोन टाके घातले तर कोट कसा पडेल. कोणा शिंप्याने त्याला हे सांगितलंच नसेल?

पोस्टमन म्हणाला, "तिसऱ्या मजल्यापर्यंत मी चढू शकतो, बाई."

"चढू शकता हे लिहून घेतलं. रोज चढता का?"

तो खुर्चीत सरकला. मग म्हणाला, "रोज... आता मी गुरुवारीच खाली उतरतो."

वीस मिनिटं सगळ्यांना बाहेर बसवलं आणि मग निकाल सांगितला. पोस्टमन जिंकला. कशामुळे जिंकला ते मला काही कळलं नाही. बहुतेक त्या गुरुवारमुळे.

३ ऑक्टोबर

वाचनालयात रंगीत तालीम. सल्लागारबाई न्यायाधीश झाल्या.

"चहा कोण करतं?"

"मीही करतो की. उत्तम करतो."

"अहो मास्तर," त्यांनी कपाळाला हात लावला, "तुम्ही त्या भत्ता कार्यालयाचे वकील आहात की काय?"

त्यांनी एका कागदावर चार प्रश्न लिहून दिले. न्यायाधीश म्हणे मनातल्या मनात हेच विचारत असतात: नीट करता का? दर वेळी जमतं का? इतरांना लागतो तेवढ्याच वेळात होतं का? आणि झाल्यावर लगेच पुन्हा करता येईल का? या चारांतून जे उरतं त्याला 'येतं' म्हणतात, बाकी सगळ्याला 'येत नाही'.

या हिशोबाने माझ्या मेहुण्याला विचार करता येत नाही.

कागद खिशात ठेवला. घरी आल्यावर तो बाहेर काढायला हिला सांगावं लागलं. खिसा अरुंद आहे. माझाच दोष, मीच शिवलाय.

९ ऑक्टोबर

आज नको.

१४ ऑक्टोबर

उद्या. घरात कपड्यांवरून सभा झाली. मेहुण्याने कोपर फाटलेला शर्ट आणला होता. कोपर मुद्दाम कात्रीने फाडलेलं, तेही आडव्या धाग्यात. असा फाटका शर्ट मी जन्मात पाहिला नाही. सल्लागारबाईंचं म्हणणं, एरवी बाहेर जाताना जे घालता तेच घाला. मी एरवी कोट घालतो. तोच घालणार.

"तो कोट नको," ही म्हणाली.

"का? त्यात काय वाईट आहे?"

"काही वाईट नाही त्यात. तेच तर."

मग तिने कोटाला इस्त्री केली. कॉलर मला करायची होती, पण इस्त्री जड असते.

कपाटात माझा लग्नातला कोटही आहे, स्वतःसाठी पहिला शिवलेला. खऱ्या काजांचा, खऱ्या सात बटणांचा. हात बिघडल्यावर ती तो बाहेर काढायची, "आणा, लावून देते" म्हणायची. मी कधी लावू दिली नाहीत. बायकोने बटणं लावून दिलेला शिंपी म्हणजे काय.

१५ ऑक्टोबर

(हे चार दिवसांत मिळून लिहितोय. एका बैठकीत इतकं होत नाही. हे वाक्य मी पूर्वी लिहिलं नसतं.)

दाराशी नोटीस बोर्ड वाचायची वेळ आली नाही, ही बरोबर होती. मेहुणाही होता, काठीसकट.

आत लांब टेबल. पलीकडे तेच तिघं. अलीकडे मी, ही आणि सल्लागारबाई. बाजूला भत्ता कार्यालयाचा प्रतिनिधी: तरुण, फायलीला रंगीत खुणा चिकटवलेल्या, आणि कोट तयार कपड्यांच्या दुकानातला. मेहुणा मागच्या बाकावर.

न्यायाधीशबाईंनी सुरुवात चहापासून केली.

"चहा कोण करतं?"

"मी करतो."

सल्लागारबाईंनी डोळे मिटले.

"शेवटचा कधी केला?"

आठवायला वेळ लागला. "मार्चमध्ये."

"कसा केला ते सांगाल?"

सांगितलं. पातेलं मूठ वळवून धरता येत नाही म्हणून दोन मनगटांच्या मधे पकडलं. अर्धा कपात गेला, अर्धा ओट्यावर. "आमच्या ओट्याला चहा आवडतो," मी म्हटलं. म्हातारे डॉक्टर हसले, आणि हसता हसता त्यांनी लिहून घेतलं. पुढेही तसंच झालं. मी एकेक विनोद करत होतो आणि ते तिघं लिहून घेत होते. आपला विनोद कोणी लिहून घेतला की तो वेगळाच दिसायला लागतो.

"भाजलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोडं." ही माझ्याकडे बघत होती. मनगटावरचा तो डाग इस्त्रीचा आहे असं मी तिला सांगितलं होतं.

मग न्यायाधीशबाईंनी ती तारखांची वही उघडली. "इथे बारा सप्टेंबरला 'ठीक' लिहिलंय. आठ ते अकरा कोरे. का बरं?"

"काही घडलं नाही त्या दिवसांत."

"अडतीस दिवस आहेत या वहीत. त्यांतले सतरा कोरे."

प्रतिनिधी म्हणाला, "अर्जदाराने नोंदी करायचा कंटाळा केला असावा."

"शक्य आहे," बाई म्हणाल्या, "त्यांनाच विचारू या. मास्तर, त्या सतरा दिवसांत पेन धरता येत होतं?"

आवाज बारीकच होता. खोलीत पाण्याचा जग होता, त्यावर झाकण होतं, झाकणाला एक चीर होती. मी ती चीर बघत बसलो. काही घडलं नाही असंच मला वाटत होतं. खरंच वाटत होतं. आठ तारखेला सकाळी वही उघडली होती, रीळ हातातून तीनदा पडलं, चौथ्यांदा मी ते उचललंच नाही. हे सगळं घडलं होतं.

"नव्हतं," मी म्हटलं.

"धन्यवाद," म्हणाल्या, आणि लिहिलं. एवढंच. वीज पडली नाही की काही नाही.

तेव्हा प्रतिनिधी उठला. त्याची पिवळी खूण याच पानावर होती. "तपासणीच्या वेळी अर्जदाराच्या कोटाची सात बटणं लावलेली होती, हा आमचा मुख्य आधार आहे. आजही तोच कोट आहे आणि आजही सातही बटणं लावलेली आहेत. सदस्यांनी कृपया बघावं."

सदस्यांनी बघितलं. एक हात असलेले सदस्य तोवर एक अक्षर बोलले नव्हते. ते पुढे वाकले.

"मला चांगल्या दिवशी शर्टाची बटणं लावायला नऊ मिनिटं लागतात. तुम्हाला किती लागतात?"

खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. पण खरं सांगायचंही नव्हतं. त्या कोटाचं गुपित हिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. मी हिच्याकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघत होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर होते, लाल, भेगाळलेले, रोज पाचला माझ्यासाठी गरम पाण्यात जाणारे. हे हात मी इतक्या उजेडात पाहिलेच नव्हते.

"काढून दाखवू का?" मी विचारलं.

"तुमची इच्छा असेल तर," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "इथे कोणी तुमची परीक्षा घेत नाही."

मी कॉलरखाली तळहात घातला आणि ओढला.

चर्रर्र.

शांत खोलीत तो आवाज तागा फाटल्यासारखा झाला. दाराशी उभी असलेली शिपाईण दोन पावलं आत आली. मागून मेहुणा म्हणाला, "अरे देवा." प्रतिनिधी फायलीत बघायला लागला, जणू वेल्क्रो कुठल्यातरी पानावर असेल.

कोट टेबलावरून पलीकडे गेला. एका हाताच्या सदस्यांनी तो उलटापालटा केला आणि न्यायाधीशबाईंकडे सरकवला. त्यांनी चष्मा लावला आणि एका काजात नख घालायचा प्रयत्न केला. नख गेलं नाही.

"हे कापलेलंच नाही."

"नाही. एकही नाही."

"टाके तुमचे?"

"शेवटचे."

डॉक्टर म्हणाले, "इतका खटाटोप कशाला केलात? साधा स्वेटर घालायचा."

"डॉक्टरसाहेब, कोट शिवणारा माणूस कचेरीत स्वेटर घालून जात नाही."

मी नुसत्या शर्टावर बसलो होतो. दोन्ही कफ उघडे, लोंबणारे. ते कोटाच्या आत असतात म्हणून कोणाला दिसत नाहीत. आता दिसत होते. प्रतिनिधीला विचारलं, काही म्हणायचंय का. तो म्हणाला, "सध्या नाही." बिचारा घामाघूम झाला होता. तयार कपड्यांत हवा खेळत नाही.

मला वाटलं झालं. तर बाई हिच्याकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही," ही म्हणाली.

"कामावर कितीला जाता?"

"साडेआठला."

"तिथे दुसऱ्या पाळ्या नसतात?"

"असतात. सहाची आली होती, मुख्य म्हणून. दोनदा विचारलं त्यांनी. नाही म्हटलं."

"का?"

"सहाला गेले तर यांचे मोजे कोण घालणार?"

भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली. मी न्यायाधीशांची परवानगी न घेता बोललो. "तू तर म्हणालीस पहाटेचा कंटाळा येतो."

"तुम्ही म्हणत होतात, सगळं ठीक आहे. मग मीही म्हटलं, ठीक आहे."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांनी आम्हाला बोलू दिलं.

बाहेर पंचवीस मिनिटं बसलो. कोट आतच राहिला होता. सल्लागारबाईंनी पेपरमिंटच्या गोळ्या वाटल्या. मेहुणा कानाशी आला. "भाऊजी, तुम्ही आत्ता भर कोर्टात कबूल केलंत की बटणं खोटी आहेत. हे फसवणुकीत बसतं. भत्ता राहिला बाजूला."

तो मूर्ख आहे, पण मूर्खही कधीतरी बरोबर असतात. "बाई, मी त्या डॉक्टरला फसवलं का?"

"त्यांनी विचारलं होतं का, बटणं कशी लावता?"

"नाही. नुसतं बघितलं."

"मग गोळी चघळा," त्या म्हणाल्या. पण त्यांच्या स्वतःच्या तोंडात एकाच वेळी तीन होत्या.

आत बोलावलं. कोट माझ्या खुर्चीच्या पाठीला नीट लावून ठेवला होता, खांदे सरळ. न्यायाधीशबाईंनी वाचलं. सगळं लक्षात नाही. पण हे लक्षात आहे: "तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी सात बटणं मोजली. काज एकही पाहिलं नाही. एखादी गोष्ट माणसाला येते असं म्हणायचं तर ती त्याला रोज, वेळेत, पुन्हा पुन्हा करता आली पाहिजे. मास्तरांना जे येतं, त्यातलं बरंचसं त्यांची पत्नी करते. उरलेलं त्यांचा कोट करतो. आम्ही अपील मान्य करत आहोत. गुण, चौदा."

चौदा. दहा लागतात, चौदा मिळाले. शून्यावरून चौदा. शाळेचे माझे गणिताचे गुरुजी आज तिथे हवे होते. मेहुण्याने मागे टाळी वाजवली, काठी पडली आणि गडगडत थेट न्यायाधीशांच्या टेबलाखाली गेली. "ही कोणाची?" बाईंनी विचारलं. कोणाचीच नव्हती.

हिने माझ्या पाठीवर एक धपाटा घातला, सगळ्यांसमोर. मग डोळे पुसले आणि मग हसली. कुठल्या क्रमाने ते नीट सांगता येत नाही.

जाताना मला राहवलं नाही. "साहेब," मी एका हाताच्या सदस्यांना म्हटलं, "बाहीला पिन नको. आतून वळवा आणि मुंढ्यापाशी दोन टाके."

"मास्तर," न्यायाधीशबाई कागद आवरत म्हणाल्या, "त्या अपिलाची सुनावणी आज नाही."

पण ते सदस्य आपल्या बाहीकडे बघत होते.

कॉरिडॉरमध्ये शिपाईण मागून आली. तिच्या आईला अर्धांगवायू झालाय, कपडे घालताना रोज रडारड होते. तसलं वेल्क्रोचं काही शिवता येईल का. माझ्याने शिवणं होणार नाही, पण सांगता येईल, म्हटलं. मी सांगत गेलो, ती लिहून घेत गेली. आजचा दिवस माझं बोलणं लोकांनी लिहून घेण्याचाच होता.

ते मोठं दार आलं. नोटीस बोर्ड होता तिथेच होता. ही मागे सल्लागारबाईंचे आभार मानत होती. मी शिपाईणबाईंना म्हटलं, "जरा दार उघडता का? ही मूठ मला फिरवता येत नाही."

तिने उघडलं. इतकं सोपं होतं ते.

१ डिसेंबर

आज हिचा मुख्य म्हणून पहिला दिवस; जागा अजून भरलेली नव्हती. पावणेसहाला गेली. पाचला नेहमीसारखी उठली, सवयीने घमेलं काढलं आणि मग परत ठेवलं. निघताना दारातून तीनदा मागे वळली. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "तिकडे दोनशे माणसं न्याहारीसाठी थांबलीत. जा." गेली. जिन्यात तिची पावलं ऐकली. वीस वर्षांपूर्वी ती अशी दोन-दोन पायऱ्या उतरायची.

आठ वाजेपर्यंत मी पायजम्यात, मोजे नसलेला, खिडकीत बसलो. गार पडलं होतं. मजेत होतो.

आठला भत्त्यातून ठेवलेला मदतनीस आला. पूर्वी रुग्णवाहिकेवर होता. मोठे हात, कमी बोलणं. त्याने पाणी आणलं, दाढी केली, मोजे घातले. मग कपाट उघडून दोन्ही कोट दाखवले. "कुठला?"

मी लग्नातल्या कोटाकडे मान केली.

"बटणं जास्त आहेत याला."

"सात आहेत. लाव सगळी. वरून सुरुवात कर, आणि मधल्याचं काज जरा घट्ट आहे, खेचू नकोस, अंगठ्याने ढकल."

त्याने ढकललं. कोट अजून बसतो. पोटाला थोडा अडतो, पण त्याबद्दल कार्यालयाला कळवायची गरज नाही.

दुपारी दोनला पाळी सुटते. पावणेदोनपासून मी इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी उभा होतो. बायकांचा घोळका बाहेर आला, मधे ही, डोक्यावर मुख्य बाईंची पांढरी टोपी, काढायची विसरलेली. कोणालातरी मोठ्याने काहीतरी बजावत होती. मला पाहून थांबली. कोटाकडे बघितलं. मग जवळ येऊन एकेका बटणावरून बोट फिरवत खालपर्यंत गेली. काजं खरी, बटणं खरी.

"सातही?" ती म्हणाली.

"सातही."

"कोणी लावली?"

"सरकारने," मी म्हटलं.